आधी वकील

मला राग आला की माझे हात मोठे होतात. ऐकणाऱ्यांचा आवाज चढतो, तसे आम्हा बहिऱ्यांचे हात चढतात. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून माझे हात खाली आलेले नाहीत, आणि ते खाली यावेत अशी माझी इच्छाही नाही. माझी मैत्रीण वर्ना मला म्हणायची, "कोरीन, साठी उलटली, आता तरी जरा निवळ की गं." वर्ना आता माझ्याशी बोलत नाही.

मी जन्माची बहिरी. राहते अमेरिकेत, रॉचेस्टरला, जिथे कोपऱ्यावरच्या बेकरीवालीलाही दोन-चार खुणा येतात. कोर्टात दुभाष्याचं काम करते. बहिरी बाई दुभाषी कशी, असं तोंड करून लोक बघतात, म्हणून एकदाच सांगते. काही बहिऱ्यांची खुणांची भाषा घरात, शेतात, कारखान्यात घडलेली असते. शाळेत खुणा शिकलेल्या ऐकणाऱ्या दुभाष्याला ती पुरती लागत नाही, मला लागते. मग कोर्टात आम्ही दोघं बसतो. तो माणूस माझ्याशी बोलतो, मी ऐकणाऱ्या दुभाष्याला खुणांनी सांगते, आणि तो ते न्यायाधीशाला तोंडाने सांगतो.

हे काम शिकवायचा वर्ग दर हिवाळ्यात भरतो. डॉक्टरकडे, शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत वर्षानुवर्षं काम केलेले दुभाषी येतात आणि आम्ही त्यांना फौजदारी कोर्टासाठी तयार करतो. एका खोलीत मी बहिऱ्यांना शिकवते. शेजारच्या खोलीत लोवेल प्रेंटिस ऐकणाऱ्यांना शिकवायचा. वर्ग त्यानेच सुरू केला होता. तो वर्नाचा मुलगा. आई बहिरी, बाप बहिरा, हा ऐकणारा. आमच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं आणि ते बहिऱ्याच माणसाने द्यायचं असतं. लोवेलचं नाव गालाला बोट लावून घेतात, जिथे त्याला खळी पडते. तो चार वर्षांचा असताना ते मी दिलं.

सहाव्या वर्षापासून हे पोर आईसाठी बोलायचं. बँकेत, दवाखान्यात, घरमालकाशी. बँकेतली बाई आईला काही टाकून बोलली, तर लोवेल ते गाळून टाकायचा. आई वैतागून तिला शिव्या द्यायला लागली, की हा बाईला गोड हसून सांगायचा, आई थँक यू म्हणतेय. मग दोघं घरी येऊन जेवायचे. आम्ही बायका वर्नाच्या स्वयंपाकघरात जमायचो, कारण हात दिसायला दिवा तिथलाच चांगला, आणि हे किस्से सांगून हसून हसून लोळायचो. किती हुशार पोर, कसं सांभाळून घेतं. मीही म्हणायचे. सगळ्यांत जास्त मीच म्हणायचे.

आमच्याकडे शिकवायला एक चित्रफीत होती. चार मिनिटांची, एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पोलीस ठाण्यातली. काउंटीचं नाव इथे सांगत नाही, जिथे सांगायचं तिथे सांगून झालंय. छतातल्या कॅमेऱ्याने घेतलेली. टेबलाच्या एका बाजूला तपास अधिकारी, त्याच्या शेजारी दुभाषी, समोर एक तिशीतला बहिरा माणूस. डावा हात टेबलावरच्या कडीला बेडीने बांधलेला, उजवा मोकळा. ती कोर्टात पुरावा म्हणून लागली होती आणि खटला संपल्यावर वर्गासाठी मिळाली. फितीतला दुभाषी खुद्द लोवेल होता, म्हणून तर त्याने ती आणली. हे माझं काम, यातून शिका, असं तो पहिल्याच दिवशी सांगायचा.

लोवेलच्या खोलीत ही फीत फक्त ऐकायची असे. पडदा भिंतीकडे वळवलेला. अधिकारी आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवतो, की गप्प बसायचा तुला हक्क आहे, वकील मागायचा हक्क आहे. तेवढं ऐकून विद्यार्थ्यांनी ते स्वतःच्या हातांनी सांगायचं. पडद्यावरच्या लोवेलची नक्कल होऊ नये म्हणून चित्र बंद. पद्धत चांगली होती, मीच तिचं कौतुक केलं होतं.

माझ्या खोलीत आवाज बंद. आम्हाला आवाजाचं करायचंय काय? आम्ही त्या बांधलेल्या माणसाचा मोकळा हात बघायचो. हक्क वाचून झाले, की तो एका हाताने, लहान पण स्वच्छ खुणांत म्हणतो, "थांबा. आधी वकील. वकील येऊ दे, मग बोलतो." तेच तीनदा. बावीस सेकंद. मी दरवर्षी तिथे फीत थांबवायचे आणि सांगायचे, बघा, एका हाताने, घाबरलेला असताना, किती नीट मागितलंय. पुढे तो बोलता बोलता सारखा दाराकडे बघतो. तेही दाखवायचे. म्हणायचे, बघा किती अस्वस्थ आहे, अशा माणसाला वेळ द्यायचा असतो.

नऊ वर्षं मी हे शिकवलं.

त्या नोव्हेंबरात लोवेलच्या खोलीतली हीटिंग बंद पडली. बाहेर गुडघाभर बर्फ. त्याचे सगळे विद्यार्थी कोट घालून, कॉफीचे कप घेऊन माझ्या खोलीत आले. लोवेल दुरुस्तीवाल्याच्या मागे तळघरात गेलेला. मी म्हटलं, बसा, आता आलाच आहात तर बघा आमच्यात काय चालतं ते. आणि फीत लावली.

त्याच्या वर्गात जून हॉलिस नावाची एक बाई होती. चाळिशीची, हॉस्पिटलात पंधरा वर्षं दुभाषी. आवाज कुठे चालू झाला की तिचे हात आपोआप चालू होतात, सवयच ती. ऐकणाऱ्यांसाठी कोणीतरी स्पीकर जोडला आणि जून पडद्याशेजारी उभी राहून आमच्यासाठी आवाज खुणांत सांगायला लागली. अधिकारी हक्क वाचतोय, जून सांगतेय. ठीक. मग पडद्यावर त्या माणसाने हात उचलला. थांबा. आधी वकील.

आणि त्याचा हात खाली जातो न जातो तोच जून सांगत होती, "हो, समजलंय त्याला सगळं. बोलायला तयार आहे. विचारा तुम्ही."

मी पाय आपटला. लाकडी जमीन आहे, सगळे वळतात.

"चूक," मी म्हटलं. "घोडचूक. माणूस डोळ्यांसमोर वकील मागतोय आणि तू सांगतेस, विचारा? पंधरा वर्षं काय केलंस हॉस्पिटलात?"

जून लाल झाली. "कोरीन, मी चित्राचं सांगत नाहीये. आवाजाचं सांगतेय."

"मग नीट ऐक."

"नीटच ऐकतेय."

"परत लाव."

परत लावली. पडद्यावर, थांबा, आधी वकील. जूनच्या हातांत, तयार आहे, विचारा तुम्ही. तिसऱ्यांदा लावली तेव्हा बाकीचे ऐकणारे विद्यार्थी खाली बघत होते. त्यांनीही तेच ऐकलं होतं. त्यांनी ते पहिल्या आठवड्यापासून ऐकलं होतं. फक्त चित्र आज पहिल्यांदा बघत होते.

"हे कोणाचं वाक्य?" मी विचारलं. "आवाज कोणाचा आहे?"

"अधिकारी विचारतो, काय, तयार आहे ना तो? आणि मग..." जूनने बोट गालाला लावलं, खळी पडते तिथे.

चौथ्यांदा मी त्या माणसाकडे बघितलंच नाही, लोवेलकडे बघितलं. नऊ वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. अधिकारी त्याच्यापुढे सहीचा कागद सरकवतो. लोवेल मान वळवून कागद वाचायला लागतो. तेवढ्यात समोरचा हात उचलतो, आणि हा अख्खे बावीस सेकंद कागद वाचतोय. वर बघतो तेव्हा हात खाली गेलेला. तू काय म्हणालास, एवढं विचारायचं होतं. एक खूण, अर्ध्या सेकंदाची. त्याऐवजी त्याने अधिकाऱ्याकडे बघून ओठ हलवले, आणि गोड हसला. बँकेतल्या बाईकडे बघून हसायचा तसा.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती मला तिथे कळली.

लोवेल तळघरातून आला तेव्हा खोलीत कोणाचेच हात हलत नव्हते. मी फीत लावली, आवाजासकट. त्याने बघितली. मग मला दंडाला धरून बाहेर नेलं.

कॉरिडॉरमध्ये तो पोटाजवळ, बारीक खुणांत बोलायला लागला. आमच्यातलं कुजबुजणं.

"मी चित्र कधी बघितलंच नव्हतं. मला स्वतःला पडद्यावर बघवत नाही. शपथेवर सांगतो."

"शपथा कोर्टात घे. तो माणूस कुठे आहे?"

"कोरीन..."

"कुठे आहे तो?"

"तुरुंगात. ओरिन टॅगर्ट. सफरचंदांच्या पॅकिंग शेडला आग लागली, आत रखवालदार होता, तो मेला. पंचवीस वर्षं."

"त्यातली झाली किती?"

"बारा."

"पुरावा काय होता?"

त्याने वर्गाच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "त्याचा जबाब."

बेडीतल्या माणसाने वकील मागितला की विचारपूस तिथेच थांबते. पुढचा सगळा जबाब कचऱ्यात जातो. हे मी सांगत नाही, हा आमच्या वर्गातला पहिला धडा आहे आणि तो लोवेल शिकवायचा. माझ्या हातांचा आकार एवढा वाढला होता की खोलीतल्या सगळ्यांना दारातून दिसत असणार. दिसू दे म्हटलं.

"तू उद्या लिहून द्यायचंस," मी म्हटलं. "त्याने वकील मागितला, मी बघितलं नाही, मी माझ्या मनाचं उत्तर दिलं. तीन वाक्यं."

"तुला कळतंय का काय होईल? माझी प्रत्येक केस उघडतील. चाळीसेक माणसं. त्यांतली काही खरंच गुन्हेगार आहेत. आणि याने तरी आग लावली नसेल, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. लावली असेल. माझा काय संबंध? त्याने वकील मागितला होता, लोवेल."

"वर्ग बंद पडेल. पुढे बहिऱ्यांना कोर्टात दुभाषी कोण देणार, तू?"

"असला दुभाषी नसलेलाच बरा."

मग त्याने हात अगदी जवळ आणले आणि ते वाक्य बोलला, जे मला अजून जेवताना आठवतं.

"तू किती वेळा बघितलीस ती फीत, कोरीन? मी निदान बघितली तरी नव्हती."

मी त्याच्या थोबाडीत मारली असती. मारली नाही, कारण हात मला बोलायला हवे होते. खरंच होतं ते. त्या माणसाचं मागणं मला पाठ होतं. दुभाषी समोर बसलाय, तर त्याने ते तोंडाने सांगितलंच असणार, असं मी धरून चालले. आपला पोरगा आहे, वर्नाचा. त्याला नाही कळणार तर कुणाला? त्या माणसाचं पुढे काय झालं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. कोर्टातलं काम कोर्टातच सोडून यायचं, अशी आमची शिस्त. त्या शिस्तीच्या नावाने मी नऊ वर्षं मान वर केली नाही.

मी वर्गात गेले आणि सगळ्यांना सांगितलं, तुम्ही आता विद्यार्थी नाही, साक्षीदार आहात, आपापली नावं-पत्ते लिहा. जूनने सगळ्यांत आधी लिहिलं. सोमवारी मी राज्याच्या राजधानीतल्या एका वकीलबाईला गाठलं, लेनोरा फिंच तिचं नाव, जुन्या शिक्षा उकरून काढणं हेच तिचं काम. तिने माझी साक्ष कॅमेऱ्यासमोर घेतली. पहिलाच प्रश्न, हे मागणं तुम्ही प्रथम कधी पाहिलं? मी खरं ते सांगितलं.

त्या आठवड्यात माझ्या दाराचा दिवा लुकलुकला, आमची बेल ती. दारात वर्ना, डोक्यावर बर्फ. कोटही न काढता म्हणाली, "माझ्या मुलाला तू आयुष्यातून उठवायला निघालीस."

"तो मुलगा नाहीये आता, शेहेचाळीस वर्षांचा बाप्या आहे. आत ये, गार पडशील."

"त्याने आयुष्यभर आपलीच कामं केली. तुझ्या आईच्या आजारपणात डॉक्टरशी कोण बोललं?"

"तो बोलला. आणि डॉक्टर नेमकं काय म्हणाला होता, हे आता मला झोप लागू देत नाही, वर्ना."

मग तिने डोळे मिटून घेतले. आमच्यात याहून मोठा अपमान नाही, डोळे मिटले की समोरच्याचं बोलणं संपलं. तशीच ती पायऱ्या उतरून गेली, कठडा धरून.

लोवेलला फिंचबाईंनी पत्र पाठवलं, साक्षीला या. त्यावर त्याने एक ओळ लिहून पाठवली, की वकिलाशी बोलल्याशिवाय मी काहीही सांगणार नाही. त्याला वकील मिळाला. त्याच दिवशी दुपारी.

जून महिन्यात आम्ही ओरिन टॅगर्टला भेटायला गेलो. फिंचबाई, मी, आणि दुसऱ्या राज्यातून आणलेली एक ऐकणारी दुभाषी, जिची इथे कुणाशी ओळखदेख नाही. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत दाराशी एक पहारेकरी मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. भिंतीवर पाटी होती, हात टेबलावर स्थिर ठेवा. फिंचबाईंनी न्यायाधीशाचा परवानगीचा कागद पहारेकऱ्यासमोर धरला, तेव्हा तो खांदे उडवून म्हणाला, "हलवा मग."

ओरिन आला. फितीत बघितलेला तोच माणूस, केस अर्धे पांढरे. आधी सफरचंदांच्या शेडमध्ये पेट्या भरायचा. त्याच्या खुणा गावाकडच्या, घरी भावंडांत घडलेल्या. मला सगळ्या लागल्या. मी त्याला सावकाश सांगितलं. फितीत तुझा हात दिसतो. तू वकील मागितलास. दुभाषी कागद वाचत होता, त्याने बघितलं नाही आणि हो म्हणून सांगितलं.

त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे मी मागितला होता?"

"तीनदा."

"माझ्या आधीच्या वकिलाला मी सांगितलं होतं. तो म्हणाला, कागदावर तर लिहिलंय, तू तयार होतास. छापलेलं दाखवलं त्याने मला." त्याने टेबलावर बोट आपटून तो कागद दाखवला. "मला वाटलं, माझाच हात नीट झाला नसेल. एकच मोकळा होता ना. मी तीन तास बोललो, कारण मला वाटलं, सांगितलंय, वकील येतच असेल. दाराकडे बघत होतो."

दाराकडे. मला खुर्चीत बसवेना. मी दाखवायचे ते, फीत थांबवून.

"इथे आल्यावर," तो म्हणाला, "कोठडीत पत्र्याचा आरसा आहे. त्याच्यासमोर मी डावा हात पाठीमागे धरून ते करून बघायचो. थांबा, आधी वकील. कुठे चुकलं ते शोधायचो. पहिली काही वर्षं रोज."

"चुकलं नव्हतं."

"तू ती फीत कधी बघितलीस?"

फिंचबाईंनी मला आधी सांगितलं होतं, हा प्रश्न आला तर गरजेपुरतंच बोल. मी हात मोठे केले, त्याला नीट दिसावेत म्हणून.

"नऊ वर्षांपूर्वी. तेव्हापासून दरवर्षी. मी ती वर्गात दाखवते. म्हणजे दाखवायचे. मुलांना सांगायचे, बघा, मागायचं कसं ते या माणसाकडून शिका. मला वाटायचं, तुला वकील मिळाला. मी विचारलं नाही."

दुभाषीने ते फिंचबाईंना तोंडाने सांगितलं असावं, कारण त्यांनी लिहिणं थांबवलं.

ओरिन माझ्या हातांकडे बघत होता. त्याने डोळे मिटले असते तर बरं झालं असतं, मी त्याचीच वाट बघत होते. त्याने मिटले नाहीत. त्याने डावा हात पाठीमागे नेला, बेडी नसताना, आणि उजवा वर उचलला.

"हिला सांग, बघ म्हणावं," तो दुभाषीकडे हनुवटी करून मला म्हणाला. "कागदबिगद बाजूला ठेवायला सांग."

दुभाषीने समोरची वही बंद केली, पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं.

थांबा. आधी वकील. वकील येऊ दे, मग बोलतो.

मी तिच्या ओठांकडे बघत होते. ते हलले. मला आवाज ऐकू येत नाही, तो मोठा होता की लहान ते मला सांगता येणार नाही. पण दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याने मोबाइलमधून मान वर काढली आणि ओरिनकडे बघितलं.

ओरिनने ते पाहिलं. त्याने हात खाली घेतला नाही, तेच परत एकदा म्हटलं.